न सांगितलेली चूक कुणाच्या नावावर?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळं होती, १० दगावली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उजाडेपर्यंत अख्ख्या महाराष्ट्राला कळलं. पण अशा कक्षातल्या बहुतेक चुकांना धूर नसतो.

जेंटामायसिनचं बघा. एक किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ५ मिलीग्रॅम. ॲम्प्युल मिळते ८० मिलीग्रॅमची, २ मिलीची. थेट ओढलं तर सिरिंजमध्ये जेमतेम ०.१२५ मिली. रात्रपाळीत दशांशचिन्ह एक घर सरकलं की १.२५ मिली, तेवढंही त्याच ॲम्प्युलमध्ये असतं, त्यामुळे कुणाला खटकत नाही. बाळ दूध पितं, घरी जातं. हे औषध जास्त झालं तर किडनीला आणि कानाला इजा होऊ शकते.

"काही झालं तर नाही ना, मग आईबापाला कशाला घोर?" यामागे कणव असेलही. पण बेरा तपासणीला बाळाला घेऊन येणार कोण? आईच ना?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' लिहितात. (दवाखान्याच्या संदर्भात हा शब्द वापरताना ओशाळायला होतं.) दोष कुणालाच द्यायचा नाही, काय बिघडलं तेवढं शोधायचं. पद्धत चांगली, पण कागद आतच राहतो. घरात दोषाची जागा रिकामी राहत नाही. मूल दोन वर्षांचं होऊनही हाकेला वळत नाही, तेव्हा सासू विचारते, "ग्रहणात बाहेर गेली होतीस का? पपई खाल्लीस?" डॉक्टरांनी गाळलेलं वाक्य आईच्या नावावर चढतं.

डॉक्टरांची भीती खोटी नाही. मारहाण होते, त्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला. आणि रात्रपाळीच्या सिस्टरला एकटीला पुढे करणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. सांगायला वरिष्ठांनीच यावं.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची नवी मुलं सुरुवातीचे पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात राहतात. लोकांना तयारीआधीच कायदेभंगात उतरवलं, ही आपली हिमालयाएवढी चूक, असं गांधी १९१९ मध्ये नडियादच्या जाहीर सभेत बोलले होते. वॉर्डात एवढं मोठं वाक्य लागत नाही. "ताई, आमच्याकडून बाळाला औषध जास्त गेलं. कान तपासावे लागतील, ते आम्ही करू." आणि यवतमाळहून येण्याजाण्याचं एसटीचं भाडं कोण देणार, तेही तेव्हाच सांगायचं.