कुणी वाकायचं?

दोन वस्तू एकाच जागेवर हक्क सांगू लागल्या की एकीला मागं सरावं लागतं. कुणी सरायचं, याचं उत्तर आपण बहुतेक वेळा विचार न करताच देऊन टाकतो. नव्यानं आलेल्यानं, दुबळ्यानं किंवा ज्याची बाजू घ्यायला कुणी नाही त्यानं. गेले दोन महिने हा प्रश्न माझ्यापुढे एका लोखंडी नळीच्या रूपात उभा आहे, म्हणून तो जरा नीट तपासून पाहावासा वाटला.

आमच्या देवळीच्या घरी 1970 सालची जीप आहे. वडिलांनी ती शेतीसाठी घेतली. 1987 साली त्यांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. डिझेल स्वस्त होतं आणि कापसाचा पैसा वर्षातून एकदाच हातात यायचा, एवढंच त्यामागचं कारण. ते डिझेल इंजिन आता थकलं आहे. पुतण्यानं मोडीत निघालेल्या एका गाडीचं अठराशे सीसीचं पेट्रोल इंजिन मिळवलं, ते उघडून दुरुस्त करून घेतलं आणि त्याच्यासाठी बाहेरून एक तयार हेडर मागवला.

हेडर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून जळालेला वायू बाहेर पडतो तो सलग नाही, धक्क्याधक्क्यानं. कंपनीच्या गाडीत चारही सिलिंडरचे धक्के बिडाच्या एका आखूड मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतात आणि एकमेकांची वाट अडवतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी असते आणि या नळ्या पुढे जाऊन जुळतात. वेगानं गेलेल्या वायूच्या मागं दाब कमी होतो आणि त्या ओढीचा फायदा पुढच्या सिलिंडरला मिळतो. म्हणून नळ्यांची लांबी आणि वळणं मोजून ठरवलेली असतात. अर्थात हा फायदा इंजिनाच्या ठरावीक गतीलाच नीट मिळतो. चिखलातून कापसाची गाठोडी ओढणाऱ्या जीपला तो किती मिळेल, हा प्रश्न मी पुतण्याला विचारला नाही. तरुणांच्या हौसेला प्रत्येक वेळी हिशेब मागू नये.

अडचण बसवताना आली. हेडर दुसऱ्याच गाडीसाठी घडवलेला. आमच्या जीपमध्ये त्याची शेवटची नळी स्टेअरिंगच्या दांड्याला जवळजवळ टेकली आणि खालचं वळण चासीवर आलं. इंजिन बंद असताना बोटभर अंतर दिसलं तरी ते पुरत नाही. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर उभं असतं, जोर आला की डुलतं. आणि तापलेल्या नळीशेजारून ब्रेकची लाइन किंवा वायर जात असेल तर ते आणखी वाईट.

पुतण्या म्हणाला, "काका, जास्त नाही, चासीची कड थोडी कापू. वरून पट्टी वेल्ड करून देऊ." मिस्त्रीनं ग्राइंडर खाली ठेवला आणि म्हणाला, "पाइप पुन्हा भेटते जी, चासी नाही भेटत."

या एका वाक्यावर मी बराच विचार केला आहे. वरवर पाहता तो "नव्यानं वाकावं, जुन्यानं नाही" असं म्हणतो आहे, असं वाटेल. हा नियम आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. घरात आलेल्या सुनेला आपण तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकवत आलो: घर जसं आहे तसं आहे, तू जुळवून घे. पण मिस्त्री तसं म्हणाला नव्हता. कोण आधी आलं, हा त्याचा मुद्दाच नव्हता. कशाची भरपाई होऊ शकते, हा होता. नळी पुन्हा वाकवता येते, नवी करता येते. चासी एकदा कापली की कापली. वेल्डिंगनं जोड बसतो, मूळची ताकद परत येईलच असं नाही. म्हणून नळीनं वाकायचं. हा नियम घराला लावला तर उत्तर उलटं येतं. स्वयंपाकघराची वेळ, बसण्याची जागा, कुळाची रीत हे सगळं नव्यानं ठरवता येतं. माणसाची उमेदीची वर्षं पुन्हा भेटत नाहीत.

गंमत अशी, की पाहणाऱ्याला नेमकं उलटं दिसतं. हेडर खोक्यातून चकचकीत आलेला, मोजमाप ठरलेला, पैसे मोजून घेतलेला. त्यामुळे तो अढळ वाटतो. चासी गंजलेली, डागाळलेली, म्हणून ती कापायला मोकळी वाटते. तयार होऊन आलेल्या वस्तूचा असा एक दरारा असतो. रस्त्याच्या आणि धरणाच्या आराखड्यांचाही असतो. कागदावरची रेघ खोडून दुसरी काढता येते, तरी ती पक्की मानली जाते. आणि विहीर, काळी जमीन, शंभर वर्षांचं चिंचेचं झाड, जे पुन्हा होत नाही, त्यानंच सरकावं असं सगळे धरून चालतात.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. प्रत्येक जुनी वस्तू एका अर्थानं पुन्हा न मिळणारीच असते. मग कशालाच हात लावायचा नाही का? जुन्या गाड्यांचे शौकीन कधीकधी तसं बोलतात. 2021 साली केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम केले, त्यांतही पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच बसते. आमची जीप वयानं बसते, स्वरूपानं नाही.

पण मूळ स्वरूप म्हणजे कुठलं? महिंद्रानं विलीजच्या परवान्यावर आपल्याकडे बनवलेल्या सीजे-3बी जीपचा चेहरा आठवून पाहा. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. कारण 1953 साली विलीजनं जुन्या धाटणीच्या जीपमध्ये हरिकेन नावाचं नवं इंजिन बसवलं. ते जास्त उंच होतं आणि जुन्या बॉनेटखाली मावत नव्हतं. ज्याला आपण मूळ चेहरा म्हणून जपतो, तो इंजिन बदलातूनच आलेला आहे. पुढे महिंद्रानंही प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं. प्रीमियरनं 1985 साली आणलेल्या 118 एनईचं शरीर फियाटच्या घराण्यातलं आणि इंजिन निसानचं होतं.

म्हणून शुद्धतेचा आग्रह मला पटत नाही. ज्याच्याकडे रोज वापरायला दुसरी गाडी आहे, त्यालाच पहिली गाडी जशीच्या तशी ठेवणं परवडतं. वडिलांनी डिझेल बसवलं नसतं तर जीप शुद्ध राहिली असती, भंगारात. आमच्या वर्ध्याकडे जमनालाल बजाजांच्या मोटारीची एक गोष्ट सांगतात. फोर्ड गाडीचं इंजिन काढून तिला बैल जुंपले आणि गमतीनं तिचं नाव ठेवलं ऑक्सफर्ड. इंजिनाच्या अदलाबदलीचं याहून टोकाचं उदाहरण मला माहीत नाही. पण जू काढून त्या गाडीत पुन्हा इंजिन बसवायचं ठरलं असतं, तर वाट मोकळी होती.

बदल करावा की नाही, हा प्रश्नच नाही. परत फिरण्याची वाट उरते का, हा आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाला येईल तसा फेरफार करू देत नाही आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. आम्हाला ती मिळेलच याची खात्री नाही. तोवर जीप शेताच्या बांधाबाहेर जाणार नाही, हे मी पुतण्याकडून कबूल करून घेतलं आहे. नाही मिळाली तर पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल दुरुस्त करायचं. म्हणून नव्या इंजिनाचे ब्रॅकेट वेल्ड न करता बोल्टनं कसले आहेत. आम्ही चुकीचे ठरलो तरी जीपचं काही जाऊ नये.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. हेडर लावला की लोक सायलेन्सरही मोकळा करतात, आवाजासाठी. पुतण्यालाही तेच हवं होतं. मी नाही म्हटलं. आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशींनी आपण ऐकतो, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेजारच्या आजारी माणसाची मोडलेली झोप दुसऱ्या दिवशी परत देता येत नाही. मिस्त्रीचा नियम गाडीच्या आत पाळायचा आणि फाटकाबाहेर सोडून द्यायचा, असं करता येणार नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सायलेन्सर मात्र कंपनीसारखाच बसला.

हेडरची शेवटची नळी मिस्त्रीनं कापली, दोन वळणं वेगळी घेऊन पुन्हा जोडली. चारही नळ्या आता सारख्या लांबीच्या राहिल्या नाहीत, म्हणजे पुतण्याला हवी होती ती ताकद थोडी गेली. त्याला ते खुपतं, आणि खुपणं बरोबर आहे. वाकणाऱ्याचं काहीतरी जातंच. ते गेलं, हे निदान उरलेल्यांनी मोजून ठेवावं.