तो लघू कुणाचा?

मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. चरणात चार यगण, म्हणजे लघू-गुरू-गुरू चारदा. बारा अक्षरं, वीस मात्रा. घनसावंगीत माझ्याकडे कीबोर्ड शिकणाऱ्या पोरांना रेघांवरचीच स्वरलिपी वाचता येते, म्हणून श्लोक मी लिलिपॉण्डमध्ये बसवायला घेतले. 1996 साली दोन डच माणसांनी सुरू केलेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर. स्वर ओढून ठेवायचे नाहीत, साधा मजकूर टंकायचा. पान ते मांडतं.

पाच मात्रांचा खंड धरला. एका खंडात एक यगण, हिशेब चोख, इशारा एकही नाही. पान बघून आमचे तबलजी म्हणाले, "बाई, सम लघूवर? मग गुरूला काय ठेवलं?" आम्ही म्हणतो त्या चालीत जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, पहिलं आधीच निसटून जातं. 'पार्शल' ही आज्ञा लिहून तो लघू पहिल्या समेआधी काढला. सम जागेवर आली, पण ओळी बिघडल्या: दुसऱ्या चरणाचं पहिलं अक्षर पहिल्या ओळीच्या टोकाला लटकलं. लिलिपॉण्ड ओळ तोडतं ती खंडाच्या रेघेपाशीच, आणि चरण तर शेवटच्या खंडाच्या चारच मात्रा भरून थांबतो. पाचवी पुढच्या चरणाची.

उपाय सोपा. चौथ्या मात्रेनंतर 'बार' आणि पुढं रिकामी अवतरणचिन्हं. न दिसणारी रेघ पडते, तिथं 'ब्रेक' चालतो. भातखंड्यांच्या स्वरलिपीच्या पुस्तकांत ही अडचणच नाही. बंदिश नवव्या मात्रेला उठत असेल तर ओळ तिथूनच. समेची फुली पडायची तिथं पडते.

पण तो लघू कुणाचा? अर्थ पाहिला तर पुढच्या चरणाचा, ताल पाहिला तर मागच्या खंडाचा. श्लोक संपला की उरलेली मात्रा पुढचा श्लोक भरतो. 205वा संपला की पोरं पुन्हा पहिला धरतात. म्हणजे मी आरंभाआधी काढलेला लघू मागच्या फेरीचा शेवट पुरा करत होता.

जांब आमच्याच तालुक्यात. हे श्लोक रचणारे समर्थ रामदास 1608च्या रामनवमीला तिथं जन्मले. त्यांच्या दासबोधातही आरंभाचा हाच प्रश्न आहे: मूळमाया म्हणजे निश्चळ ब्रह्मात उठलेला पहिला संकल्प. इथं मी नेहमी अडायचे: काळच नाही, तर पहिला कसा? कीर्तनकारांना विचारावं तर माया अनादि आहे म्हणून मोकळे होतात. मला ती पळवाट वाटायची. आता वाटतं, 'पहिला' ही गरज सांगणाऱ्याची आहे. पानाला डावी कड असते, म्हणून मला पार्शल लिहावं लागतं. फेरीला कड नाही.

तबलजींना हे मान्य नाही. "कुणीतरी पहिल्यांदा तोंड उघडलंच असेल ना? त्याआधीचं गप्प बसणं मोजा की." त्यांना खोडता येत नाही. पार्शलऐवजी चार मात्रांचे विराम लिहिले तर पहिला खंडही पुरा भरतो, आणि निश्चळ आधी, चंचळ मागून, हा समर्थांचा क्रम तर त्यांच्याच बाजूचा. पोरांच्या प्रतीत मी पार्शल ठेवलं. तबलजींच्या प्रतीत विराम छापून दिले.