जुन्या लाकडाची अमानत

घरातले जुने लाकडी कपाट घासायला घेतले की पहिला प्रश्न हत्यारांचा नसतो. काय काढायचे आणि काय ठेवायचे, हा असतो. वरचे काळवंडलेले पॉलिश निघाले की खालून सागाचा पिवळसर रंग उजळतो आणि मन सुखावते. पण त्या काळपटपणातच दोन-तीन पिढ्यांच्या हातांचा घाम असतो, लोबानचा धूर असतो. दाराच्या आतल्या अंगाला कुणीतरी पेन्सिलीने मुलांच्या जन्मतारखा लिहून ठेवलेल्या असतात. पॉलिश पेपर फिरला की त्याही जातात. कपाट वारसाहक्काने मिळाले हे खरे. त्यावरच्या खुणा पुसण्याचा हक्कही त्यातच आला काय?

‘आहे तसेच राहू द्या’ हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. जुने जसेच्या तसे जपायला जागा लागते आणि ती सगळ्यांकडे नसते. दोन खोल्यांच्या घरात पलंगाचे बाक होते, शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फळी बसून मुलांचे अभ्यासाचे टेबल होते. यात पूर्वजांचा अपमान कसला? सुताराने ती वस्तू वापरण्यासाठी घडवली होती. (जुन्या वस्तूंविषयीचा कळवळा बहुधा त्यांनाच जास्त येतो, ज्यांच्या घरात ती वस्तू अडगळ करून उभी नसते.)

मग वस्तू ‘तीच’ राहते कशी? इथे मला मस्जिद-ए-अक्सातला मिंबर आठवतो. नूरुद्दीन झंगी याने 1168-69च्या सुमारास हलबमध्ये तो बनवायला घेतला, तेव्हा जेरुसलेम क्रुसेडर्सच्या ताब्यात होते. ते मुक्त झालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. 1187 मध्ये शहर जिंकल्यावर सलाहुद्दीनने मिंबर तिथे नेऊन बसवला. 21 ऑगस्ट 1969 रोजी एका माथेफिरूने लावलेल्या आगीत तो जळाला. उरलेले तुकडे आणि छायाचित्रे यांवरून त्याची भूमिती नव्याने उलगडावी लागली, लाकडाचे हजारो तुकडे एकमेकांत गुंतवण्याची विसरत चाललेली विद्या पुन्हा हाती घ्यावी लागली आणि 2007 मध्ये नवा मिंबर जागेवर उभा राहिला. त्यातले लाकूड नवे आहे. जुने जळके अवशेष त्याच परिसरातल्या संग्रहालयात वेगळे ठेवले आहेत. हे वेगळे ठेवणे मला फार मोलाचे वाटते. नव्याने जुन्याची जागा घेतली, पण आपण जुने असल्याचा दावा केला नाही.

घरच्या कपाटाला एवढा इतिहास नसतो, तरी जबाबदारी असतेच. पूर्वीचे सुतार सांधे सरसाने जोडत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो. वरचे पॉलिश चपडा लाखेचे, म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांनी स्रवलेल्या राळेचे. ती स्पिरिटमध्ये विरघळते. गरम कपाने उमटलेले पांढरे वर्तुळ स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवला तर बहुधा जाते. या जुन्या पद्धतीत पुढच्या माणसासाठी वाट मोकळी राहते. माझे काम त्याला पसंत पडले नाही तर लाकूड न दुखावता ते तो उतरवू शकतो. पॉलियुरेथेनचा जाड थर किंवा गोंदाने घट्ट बसवलेला सनमायका यांचे तसे नाही. ते उखडायचे तर लाकूडही सोलून निघते. टिकाऊपणाचा मोह मला कळतो, पण त्यात शेवटचा शब्द आपलाच असावा असा एक हट्टही आहे. वस्तू अमानत म्हणून हातात असेल, तर तो शोभत नाही.

याहून वाईट म्हणजे नव्या लाकडाला साखळीने ठोकून, चहाचे पाणी पाजून ‘अँटिक’ बनवणे. तिथे गिऱ्हाइकाला खोटे वय विकले जाते.

एक बाब मात्र अशी आहे, की तिथे आठवणींची बाजू घेता येत नाही. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल छटांत, शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाले आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. पाळणा त्याआधीचा असतो. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातोंडाशी जाते. दात येणारे मूल तर पाळण्याची कडच चावते. त्याच पाळण्यात त्याचा बाप आणि आजोबा झोपले होते, हे आजी कितीही प्रेमाने सांगो. रंग सुटत नसेल तर न घासता वरून नव्या रंगाचा थर द्यावा, पाळण्यात पुस्तके रचावीत आणि बाळासाठी दुसरा पाळणा आणावा.