नजरेचे भाडे

वडोदऱ्याच्या वाडी भागातील एखाद्या जुन्या देवस्थानाच्या विश्वस्तांपुढे पुढील प्रस्ताव आला आहे, अशी कल्पना करावी. महाद्वारी डिजिटल पडदा बसवावा. आरतीच्या वेळी त्यावर गाभाऱ्यातील दर्शन घडावे. उरलेल्या वेळी जाहिराती दाखवाव्यात आणि त्यांच्या भाड्यावर अन्नदान चालवावे. यात गैर काय?

वडोदऱ्याला सार्वजनिक पडदा नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1910 साली सुरू झालेल्या ग्रंथालय चळवळीची एक शाखा मॅजिक लँटर्न व सिनेमा घेऊन खेड्यापाड्यांत जाई आणि निरक्षरांपुढे ज्ञानाचे खेळ विनामूल्य करी. तेथे पाहणारा हा शिष्य होता, गिऱ्हाईक नव्हे. परंतु त्या पडद्यामागे राज्याचा खजिना उभा होता. आजच्या संस्थेपाशी तो नाही. म्हणून द्रव्य मिळविणे हाच दोष, असे म्हणता यावयाचे नाही.

दात्यांची नावे आपण देवळाच्या पायऱ्यांवर कोरतोच. मग जाहिरातीचेच वावडे का? भेद असा की, पायरीवरचे नाव भाविकाकडे काही मागत नाही. उलट त्याच्या पायाखाली नम्र होऊन राहते. जाहिरात मात्र मागते. वर्तमानपत्राचे पान उलटता येते. उंबऱ्याशी उजळलेला पडदा कोण उलटणार? तेथे विकली जाते ती भिंत नव्हे, दुसऱ्याच कामासाठी आलेल्या माणसाची नजर विकली जाते. आणि ती नजर विश्वस्तांच्या मालकीची नाही.

कर्जाने गांजलेली एखादी बाई देवापुढे गाऱ्हाणे मांडावयास यावी आणि दारातच तिला दागिने गहाण टाकण्याचे हसरे आमंत्रण दिसावे! कायदा याच्या आड येत नाही. केंद्र सरकारने 2022 साली फसव्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. पण जे फसवे नाही ते सारेच उचित असते काय? त्या पैशातून शिजलेला भात तिच्याच दुःखावर शिजलेला असेल.

म्हणून कसोटी साधी असावी: जे वाक्य कीर्तनकाराच्या तोंडून सभामंडपात ऐकताना आपण खाली मान घालू, ते महाद्वारावर पैसे घेऊनही उजळू नये. दर्शनात जाहिरात मिसळू नये. शेजाऱ्यांच्या निजेच्या वेळी पडदा विझावा. आणि मिळालेल्या पैशाचा जमाखर्च त्याच पडद्यावर सर्वांस दिसावा. कारण ज्यांच्या नजरेचे ते भाडे, त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

हा अधिकार विसरला की काय होते, ते मुंबईने पाहिले. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे वादळात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे प्राणास मुकली. मुंबईत 40 फूट लांबी-रुंदीची मर्यादा असता तो सुमारे 120 फुटांचा होता. मोठा फलक अधिक नजरा गोळा करतो, हेच त्या आकारामागचे गणित. त्या नजरांखालच्या देहांचा विचार त्या गणितात नव्हता.

असे निर्बंध पाळले तर उत्पन्न घटेल, हे खरे. काही दिवस अन्नदानाची पंगत लहान होईल. विश्वस्तांनी ती तूट उघडपणे भाविकांपुढे मांडावी आणि हात पसरून मागावे. मागण्यात लाज नाही. न विचारता घेण्यात आहे.