सत्तावीस किलो सोनं

माझा मृत्यू गेल्या मे महिन्यात एका शनिवारी, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, शिवाजी पार्कच्या आमच्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. मृत्यूचं कारण : श्रीमंती. या कारणाने गेलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

त्याचं असं झालं. माझा नातू आणि त्याचे मित्र दर शनिवारी आमच्याकडे जमतात आणि एक खेळ खेळतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. नातू गोष्ट सांगतो : आता गुहा लागली, आता राक्षस आला. मग वीस पैलूंचा एक फासा टाकायचा आणि त्यावर कुणाचं मुंडकं उडालं ते ठरवायचं. मे महिन्यात एक भिडू गावाला गेला, तेव्हा नातू म्हणाला, ‘‘आजोबा, तुम्ही बसा. तुम्ही चोर.’’

उभा जन्म हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला हे सख्ख्या नातवाने सांगावं! ‘‘हिशेबनीस होता येत नाही का?’’ मी विचारलं. ‘‘नाही.’’ तेव्हा झालो चोर.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. तांब्याच्या दहा नाण्यांचं चांदीचं एक, चांदीच्या दहांचं सोन्याचं एक, हे ऐकलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. राक्षस मला समजत नाहीत, नाणी समजतात.

चार शनिवारांत आम्ही बरीच लूट मिळवली. बाकीच्या तिघांनी ती उधळली. दोरखंड घेतले, घोडे घेतले, एका खानावळीत तर अख्ख्या गावाला जेवण घातलं. मी एक नाणं मोडलं नाही. जखमा भरून काढणारं औषध सोन्याच्या पन्नास नाण्यांना बाटली होतं. मी म्हटलं, ‘‘जखम लहान आहे, हळद लावू.’’ पुढे मी चौकशी केली, ‘‘या गावात बँक आहे का?’’ ‘‘नाही, आजोबा.’’ ‘‘पोस्ट तरी?’’ तेही नव्हतं. मग काय करणार? पोतं पाठीवर.

आणि एका शनिवारी नदी आडवी आली.

‘‘आजोबा,’’ नातू पुस्तकात बघून म्हणाला, ‘‘पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड. तुमच्याकडे तीन हजार आहेत. म्हणजे साठ पौंड, सत्तावीस किलो. एवढं घेऊन पोहता येणार नाही. पोतं सोडा.’’

‘‘निम्मं सोडलं तर?’’

‘‘आजोबा, तुम्ही बुडताय.’’

‘‘अरे, पण निम्मं...’’

त्याने फासा टाकला. एक पडला. मी बुडालो.

पुढचं मात्र मला लागलं. त्या तीन पोरांनी दोर टाकून माझं पोतं दोन मिनिटांत वर काढलं आणि तिथेच वाटून घेतलं. नॉमिनी नाही, वारसाचा दाखला नाही, साधं दोन मिनिटांचं मौन नाही! आणि पुढच्या गावात त्यांनी माझ्या पैशांनी ते औषध विकत घेतलं. तीन बाटल्या.

मयत माणसाने घरात बसू नये म्हणून मी पार्कात आलो आणि कट्ट्यावर टेकलो. या कट्ट्यावर बसणारा मध्यमवर्गीय हा देवाने घडवलेला एक चमत्कार आहे. घराची किंमत काढाल तर कोट्यधीश, आणि भाजीवाल्याशी भांडतो ते फुकटच्या कोथिंबिरीवरून. त्याची सगळी दौलत चार भिंतींत, बँकेच्या पावत्यांत आणि लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली कुठे, ते फक्त बायकोला ठाऊक. आम्ही सगळेच पाठीवर पोतं घेऊन बसलेलो. नदी लागत नाही, एवढंच.

विलायती गोष्टींत सोन्याच्या ढिगावर ड्रॅगन बसतो. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसतो. फरक एवढाच, की ड्रॅगन जन्मतः ड्रॅगन असतो. आपला नाग आधीच्या जन्मी माणूस होता, पुरून ठेवलेल्या हंड्यात जीव अडकला म्हणून नाग झाला, असं आजी सांगायची. म्हणजे ही बढतीने मिळणारी जागा आहे. आमच्यासारख्या काटकसरी माणसांचा नंबर वर लागणार!

खेळाच्या जुन्या नियमांत एक गंमत आहे. लुटीतून सुखरूप आणलेल्या दर सोन्याच्या नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळे आणि त्या गुणांवर माणूस वरच्या पायरीवर चढे. पण आर्नेसनची स्वतःची तऱ्हा वेगळी. १९७७ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात गुण मिळतात ते नाणं आपल्या आवडीनिवडीवर, छंदावर खर्च केल्यावर. मिळवलंत म्हणून शहाणे झाला नाहीत. खर्च केलंत, की झालात. धनाच्या तीन गती, दान, भोग आणि नाश, भर्तृहरी शेकडो वर्षांपूर्वी सांगून गेलाच आहे. माझ्या पोत्याची तिसरी झाली.

समोर महाराजांचा पुतळा होता. हातात तलवार नाही, हात पुढे केलेला. लूट म्हणजे काय, हे यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? पण सभासदाची बखर वाचा. मोहिमेवर जाताना प्रत्येकाच्या सामानाची नोंद, परतताना झडती, आणि जास्त निघेल ते सरकारच्या हिशेबात. (हिशेबनिसाला इथे उचंबळून येतं.) १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात झाली. साठवणं त्यांनाही चुकलं नाही. पण त्यांच्या खजिन्याला पुढचं काम ठरलेलं होतं. नागाच्या हंड्याला काम नसतं. फक्त नाग असतो.

आणि आपला दसरा? कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघुराजाच्या धाकाने कुबेराने त्याहून जास्त पाडल्या. कौत्स जास्तीच्या घेईना, रघू परत घेईना. शेवटी आपट्याखाली ढीग घालून लोकांना लुटायला दिल्या. सीमोल्लंघन करून आणलेलं सोनं वाटायचं असतं, हे आपण दरवर्षी करून दाखवतो. अर्थात पानांनी.

आता माझीही बाजू ऐका. त्या योद्ध्याला काय जातंय उधळायला? त्याचे गुडघे दुखत नाहीत, त्याला सोसायटीचा मेंटेनन्स नाही, त्याच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही. तो म्हातारा व्हायच्या आतच राक्षस त्याची सोय करतो. आमच्याकडे राक्षस येत नाही, बिलं येतात. साठवणं हा काही नुसता लोभ नव्हे. त्यात भीती असते आणि माणसांवरची मायाही असते. अडचण एवढीच, की पावतीवर कुठली किती, ते लिहिलेलं नसतं.

आईच्या दोन पाटल्या होत्या. १९६८ साली वडील आजारी पडले आणि माझी कॉलेजची फी थकली. आईने एक पाटली काढली, दुपारी बाहेर गेली, संध्याकाळी माझ्या हातात पैसे दिले. ‘‘ही पुढच्या वर्षाला आहे,’’ उरलेल्या पाटलीकडे बघून म्हणाली. मी हिशेबनीस झालो तो त्या पाटलीवर. तिला खेळाचे नियम माहीत नव्हते. पण नदी आली की पोतं सोडायचं, हे माहीत होतं.

हे आठवलं आणि मला कट्टा टोचायला लागला. कारण आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई त्याच आठवड्यात माझ्याकडे आल्या होत्या. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, पंचेचाळीस हजार कमी पडत होते. ‘‘काका, दर महिन्याला थोडे थोडे कापून घ्या.’’ मी म्हणालो होतो, ‘‘बघू हं. पावतीची मुदत मार्चमध्ये संपते.’’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि कणीक भिजवायला लागल्या. फी भरायची होती जूनमध्ये. निम्मं सोडलं तर, असं विचारणारा मी त्या दिवशीही मीच होतो.

सोमवारी बँकेत गेलो. खिडकीतली मुलगी भली होती. म्हणाली, ‘‘काका, मार्चपर्यंत थांबलात तर फायदा आहे. आता मोडलीत तर व्याज कापलं जाईल.’’ मी म्हटलं, कापा. तिने फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता : मुदतीपूर्वी मोडण्याचं कारण. मी लिहिलं, ‘नदी आडवी आली.’

तिने वाचलं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. ‘‘पूर आला का काका तुमच्याकडे?’’

‘‘नाही गं,’’ मी म्हणालो, ‘‘पोहायचंय.’’