उपयोग सरल्यावर

सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे एक लहानसे झाड वाढते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. जुन्या शास्त्रीय नावातही तोच अर्थ उतरला होता. अशा झाडाकडे बाजार फारसा फिरकला नाही आणि म्हणूनच ते सुखाने जगले.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे सुपुत्र मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. १९७२ साली तेच द्रव्य नरक्यातही आढळले. त्यावरून सिद्ध केलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णांना आशा लाभली. पण इकडे नरक्याच्या खोडामुळांवर कुऱ्हाडी चालल्या. निरुपयोगी होते तोवर झाड वाचले, उपयोगी ठरताच तुटले.

आता विज्ञान वेगळी वाट दाखवीत आहे. मातीतील एक जिवाणू वनस्पतीच्या जखमेत शिरून आपली काही जनुके तिच्या पेशींना देतो आणि तेथे केसांसारखी मुळे फुटतात. ही मुळे मातीवाचून, काचपात्रातील पोषक द्रावात झपाट्याने वाढतात. २००१ साली जपानी शास्त्रज्ञांनी ऑफिओरायझा प्युमिला या लहान वनस्पतीच्या अशा मुळांतून कॅम्प्टोथेसिन मिळविले. त्याचा काही अंश तर मुळांनी आपणहून द्रावात सोडला होता. हा सृष्टीच्या कामात हस्तक्षेप आहे, असे आम्हांस वाटत नाही. जिवाणू हे काम रानातही करीतच असतो. आजही बराचसा पुरवठा झाडांपासूनच होतो. ही नवी वाट रुंदावावी, अशीच आमची इच्छा आहे.

पण समजा, ती रुंदावली. मग नरक्या पुन्हा निरुपयोगी ठरेल. ‘औषधासाठी तरी झाड राखा’ असे म्हणण्याची सोय उरणार नाही. उद्या तो डोंगर रस्त्यासाठी वा खाणीसाठी मागितला गेला, तर आपण कोणत्या तोंडाने ‘नको’ म्हणणार?

उत्तर आपल्या घरातच आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध आईसाठी आपण महागडे औषध आणतो, तेव्हा ती पुढे किती कमावील, असा हिशेब कोणी मांडत नाही. ती आहे, एवढेच कारण आपल्याला पुरते. झाड आणि माणूस यांची बरोबरी आम्ही करीत नाही. मात्र उपयोगाच्या तराजूत सारे मूल्य मावत नाही, हे आपण त्या खाटेशेजारी शिकलेलो असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रात हेच बजावले : सजीवांच्या जाती म्हणजे केवळ आपल्या गरजांचे कोठार नव्हे, त्यांना स्वतःचेही मूल्य आहे.

काचपात्रातील मुळे नरक्याला कुऱ्हाडीपासून वाचवू शकतील. आपल्या बेफिकिरीपासून त्याला वाचविणे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेला साधणारे नाही. ते काम आपलेच आहे.