तुकड्यातील वीरपुरुष : स्पर्श, साक्ष आणि स्वामित्व

अमेरिकेतील अपर डेक या कंपनीने १९९७ साली बेसबॉलपटूंच्या संग्राह्य कार्डांत त्यांनी सामन्यात वापरलेल्या जर्सीचे तुकडे बसविण्यास आरंभ केला. २००३ मध्ये डॉनरस या कंपनीने बेब रूथ याची एक दुर्मीळ जर्सी अडीच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकत घेतली आणि कार्डांसाठी ती कापली. एकाच्या संग्रहात अखंड राहू शकणारी वस्तू अनेकांच्या हाती खंडित होऊन पोहोचली. साक्षीदार असलेली वस्तू अनेकांना लाभावी म्हणून ती मोडणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय, हा यातून निर्माण होणारा प्रश्न केवळ छंदाच्या मर्यादेत राहत नाही.

कापडाचा बोटभर तुकडा खेळाडूचा बोध करून देतो तो लक्षणेने. मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थबाध, तद्योग आणि रूढी किंवा प्रयोजन अशा अटी सांगितल्या आहेत. ‘आपल्याकडे रूथ आहे’ असे संग्राहक म्हणतो तेव्हा मुख्यार्थाचा बाध उघड असतो. त्या अंगाला झालेला प्रत्यक्ष स्पर्श हा तद्योग, आणि पराक्रमाचा अंश तुकड्यात संक्रमित झाल्याची प्रतीती हे प्रयोजन. म्हणजे सारा भार तद्योगावर आहे. नेमका तोच पुढे सैल होत गेला. अनेक कार्डांच्या पाठीवर, आतील कापड कोणत्याही विशिष्ट सामन्याशी वा हंगामाशी निगडित नाही, असा मजकूर छापला जाऊ लागला. येथे संबंधाची हमी आणि संबंधाचा नकार एकाच कागदावर नांदतात.

अवशेषांचे विभाजन भारतीय परंपरेला अपरिचित नाही. बुद्धाच्या अस्थींचे आठ भाग झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. बौद्ध परंपरेने देहाचे अवशेष आणि वापरातील वस्तू असा भेद करून दुसऱ्या वर्गाला ‘पारिभोगिक’ ही संज्ञा दिली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप उत्खनित केला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांत मातीच्या पात्राची लहान खापरे आढळली. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली गेली. आजच्या भाषेत सांगायचे तर हीही ‘वापरलेल्या’ वस्तूचीच खापरे.

मग सोपाऱ्याचे खापर आणि कार्डातील कापड यांत अंतर कोणते? खापराचा तद्योगही सिद्ध करता येत नाही, असा आक्षेप येथे रास्त ठरेल. परंतु तेथे संबंधाचा भार एका समूहाच्या आचरणाने वाहिला. खापर कोणाच्या मालकीचे नव्हते, ते कोणाला दिसतही नव्हते; स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येकाचे त्याच्याशी सारखेच नाते होते. कार्डाला मात्र छापील हमीखेरीज आधार नाही. ती सैल झाली की हाती उरते ते केवळ कापड.

विभाजनाच्या बाजूचा युक्तिवादही दुबळा नाही. अखंड जर्सी धनिकाच्या कपाटात बंद राहते. तुकडा सामान्य चाहत्यालाही मिळू शकतो. तथापि हे लोकशाहीकरण स्वामित्वाचे आहे, सहभागाचे नव्हे. जर्सी वस्तुसंग्रहालयात असती तर तिचा लाभ सर्वांना झाला असता आणि तिच्यावरील डाग, शिवण व झीज वाचता आली असती. कापल्यावर ही साक्ष नाहीशी होते.

या संदर्भात कोल्हापूरच्या तालमीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. मल्लाला जर्सी नसते; लंगोट लावलेल्या देहाचा घाम थेट तांबड्या मातीत जिरतो. हळद, तेल, ताक घालून जोपासलेल्या त्या मातीत जिंकणाऱ्याचा, चीतपट झालेल्याचा आणि काल आलेल्या पोराचा घाम एकत्र असतो. ती मूठभर उचलली तरी कोणा एकाचे नाव तिला देता येत नाही. पारिभोगिक वस्तू सामूहिक कशी राहते, याचे हे जिवंत उदाहरण होय.

याउलट खाशाबा जाधवांचे पदक एका व्यक्तीचे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. २०१७ मध्ये गोळेश्वर येथे कुस्ती प्रबोधिनी उभी राहावी म्हणून या पदकाचा लिलाव करण्याचा मनोदय कुटुंबीयांनी जाहीर केला. वरकरणी हीही स्मृतीची विक्रीच. पण या विक्रीचे प्रयोजन नवे मल्ल घडविणे हे होते. म्हणजे वस्तूचे मूल्य ज्या कृतीतून जन्मले, तिच्याकडेच ते परत जाणार होते. लाज वाटावी ती कुटुंबावर अशी वेळ आणणाऱ्या समाजाला.

यावरून एक निकष हाती येतो. कापणे वा विकणे हे स्वतःहून दोषास्पद नाही. खंड अखंडाकडे आणि वस्तू कृतीकडे परत नेते की नाही, हे पाहावे लागते. अभ्यासक्रमासाठी कादंबरीचा उतारा कापणाऱ्यांनाही हाच निकष लागू होतो. उतारा वाचून विद्यार्थी कादंबरीकडे वळला तर तो अवशेष. न वळला तर त्याच्या हाती पडले ते एक कार्ड.